पोटात घातलेलं

पडद्यावर आकडा हिरवा होता : नऊ पूर्णांक एक.
रात्री दोनलाही नऊ पूर्णांक एक,
चारलाही, सहालाही.
पाण्यातला प्राणवायू इतका एकनिष्ठ नसतो,
हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सकाळी फ्योर्डच्या तोंडाशी, सात नंबरच्या पिंजऱ्यात
सॅमन पोट वर करून तरंगत होते
आणि हानुस रबरी बुटांत, काठावर,
हातातली काठी पाण्यात न घालता नुसता उभा.
आमच्या बेटांवर माणसं तशीही कमी बोलतात,
त्यांच्या वाट्याचं वारा बोलतो.

सेन्सर मात्र बोलला होता.
एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ओरडला होता तो :
वायर तुटली, मला काही दिसत नाही,
इथून पुढे माझ्यावर विसंबू नका.
आणि चारशे बाराव्या ओळीत
कुणीतरी तो अपवाद अलगद झेलून
गिळून टाकला होता.
दोन महिरपी कंस. मध्ये काही नाही.
खाली एवढंच : मागचाच आकडा परत दे.
नऊ वर्षं मूग गिळून बसलेले कंस.

मार्यून खुर्ची ओढून शेजारी बसली, बराच वेळ वाचत राहिली.
मग म्हणाली, झेललेल्याचं पुढे काय करायचं
हे ठाऊक नसेल, तर हात पुढे करू नये.
जाऊ द्यावं वर.
वर कुणाकडे तरी फोन असतो, होडी असते,
निदान निर्णय असतो.

कोडचा इतिहास उघडला. नाव निघालं बायनिरचं.
बायनिर आता सांदोयला मेंढ्या राखतो.
फोनवर आधी त्याच्या कुत्र्याचाच आवाज आला.
मी ओळ वाचून दाखवली.
तो म्हणाला, त्या हिवाळ्यात सेन्सर वेडा झाला होता,
रात्रीतून तीन-तीनदा खोटी घंटा.
हानुसची बायको तेव्हा तोर्शहावनच्या इस्पितळात,
हा शेवटच्या बसने परत यायचा, बुटांसकट झोपायचा.
म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला.
आठवडाभरापुरतं.

बदलाखालची त्याची टीपही तेवढीच होती :
तात्पुरतं.

आता रागवायचं कुणावर?
चूक पोटात घालावी म्हणतात.
माणसाची घालावी, जरूर घालावी.
यंत्राच्या पोटात ती पचत नाही,
आतल्या आत कुजते,
आणि वर हिरवा आकडा उगवतो.

दुपारभर आम्ही त्या दोन कंसांपाशी होतो.
तुटलेली वायर तेवढी झेलायची, बाकीचं सोडून द्यायचं,
ज्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही
त्यासाठी पदर पसरायचा नाही.
‘काहीतरी चुकलं’ हे वाक्य मार्यूनने खोडलं.
त्याजागी : पिंजरा सात, खोली चार मीटर,
शेवटचं खरं वाचन १:४७, तेव्हापासून मौन.
आकड्याच्या जागी राखाडी रेघ.
‘माहीत नाही’ म्हणता यायला हवं,
आम्हालाही ते उशिराच आलं.
आणि काम साधो वा फसो, निघताना पोर्ट बंद,
जशी हानुस वादळ असो-नसो होडीची दोरी बांधतो.

एक गोष्ट मी बायनिरसाठी ठेवली :
घंटा वाजवण्याआधी, थांबून थांबून, तीनदा विचार.
तिन्ही वेळा उत्तर नसेल
तरच माणसाला उठव.

अकराव्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
हानुसच्या उशाशी फोन वाजला.
मला कळलं सकाळी, नोंदवहीतून.
वाकड्या अक्षरांत तीन शब्द :

शेवाळ. काढलं. झोपलो.