एक सुलटा, एक उलटा

अकरावी ब, सकाळी सव्वासातचा तास.
फळ्यावर मी षटकोन काढतेय, एकाला एक जोडत,
आणि शेवटच्या बाकावर भूलक्ष्मी येमूल
वहीवर गाल टेकून झोपलीय.
रात्री आईच्या हजार विड्यांना दोरा बांधून आलीय.
मी उठवत नाही.

महारेणू म्हणजे, मी सांगते, फार काही नाही.
लहानशी गोष्ट, पुन्हा तीच, पुन्हा तीच,
हातात हात.
प्रत्येक हात धरताना पाण्याचा एक रेणू सुटतो,
सोडवताना तेवढंच पाणी परत मोजावं लागतं.
"आणि नळाला पाचव्या दिवशी आलं तर, मॅडम?"
वर्ग हसतो. भूलक्ष्मी जागी होते.

मग मी डबा उघडते. कडक भाकरी,
तोडली की कौलासारखी वाजते.
एकेक तुकडा सगळ्यांना.
चावा. गिळू नका. अजून चावा.
दोन मिनिटं वर्गात नुसते जबडे,
खाली रस्त्यावर रिक्षा,
मग कुणीतरी दचकून म्हणतं, गोड!
लाळेतल्या विकराने साखळी कापली,
ज्वारीत दडलेली साखर जिभेवर आली.
(चटणीच्या तेलाला मात्र साखळीचं वेड नाही,
ते पाण्याकडे पाठ करून बसतं,
आणि अशा पाठीला पाठ लावूनच
प्रत्येक पेशीच्या घराची भिंत उभी राहते.)

आता हा माझ्या पदराचा धागा.
कापूस. हाही साखरच.
तीच, तोळामासाही वेगळी नाही.
फरक एवढाच, भाकरीत सगळे मणी एका बाजूला तोंड करून,
इथे एक सुलटा, एक उलटा,
एक सुलटा, एक उलटा...
बोलता बोलता माझ्या तोंडून मागाचा ठेका निघतो.

अशोक चौकाच्या मागे, पत्र्याखाली,
नायना जकार्डचे पत्ते पाडायचे.
पुठ्ठ्यावर भोकं, पत्त्याला पत्ता दोऱ्याने ओवलेला,
त्या माळेत मोर असायचा, चादरीत येण्याआधी.
घरात तेलुगू, मालकाशी मराठी,
आणि पत्त्यांशी फक्त भोकं आणि न-भोकं.
एकदा एकच भोक चुकलं.
चाळीस चादरींवर मोर आंधळे निघाले,
दोन आठवड्यांचा पगार गेला.
पुढे कॉलेजात शिकले,
रक्तातल्या प्रथिनाचा एक मणी बदलतो
आणि गोल पेशीचा विळा होतो.
बाकीच्यांनी ते पाठ केलं.
मला नायनांचा चेहरा आठवला,
चादर उजेडाकडे धरून डोळा शोधणारा.

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी फोटो खिडकीला लावला.
किती वर्षं मागावर?
चाळीस.
ते पुढे बोलले नाहीत.
कापसाची धूळ, वर्षानुवर्षं श्वासाबरोबर आत गेलेली.
शरीराकडे किती किल्ल्या असतात,
भाकरीची, दुधाची, डाळीची, तेलाची,
या एका कुलपाची नाही.
जी साखर त्यांना पोसत होती
तीच उलटून छातीत बसली,
आणि खोकला रात्रभर
धोट्यासारखा इकडून तिकडे.

हे मी वर्गात सांगत नाही.
वर्गात सांगते, माणसाला सेल्युलोज पचत नाही.
भूलक्ष्मी हात वर करते.
"मग आमच्या म्हशीला कडबा कसा पचतो?"
तिच्या पोटात भाडेकरू आहेत, मी म्हणते,
डोळ्यांना न दिसणारे. किल्ली त्यांच्याकडे असते.
"भाडं देतात?"
तेच तर भाडं.

घंटा होते. पोरं उठतात, भाकरीचा चुरा बाकांवर.
भूलक्ष्मी पुढे येते,
टेबलावरचा धागा चिमटीत उचलते,
सवयीने बोटाला एक वेढा देते,
आणि तोंडात टाकते.
चावते. डोळे मिटून, बराच वेळ,
दारात अडकलेला अख्खा वर्ग तिच्याकडे बघत.
मीही.

"नाही मॅडम," ती म्हणते,
"अजून नाही."