निरंक

सोयाबीन निघाल्यावर शेत मिळालं,
नऊ दिवसांसाठी, लेखी.
इंदूरचा नवा रिंगरोड इथून जाणार:
चुन्याच्या दोन रेघा, मधे साठ मीटर,
आणि त्यात एक विहीर, जिचे पैसे आधीच मिळालेत.

बारा चर आखले.
इम्तियाजचा जेसीबी, बिनदातांची बकेट,
काळी माती सोलतो बोटबोट.
मी त्याच्यापुढे उलटी चालते, हात वर करून.
थांब. चल. थांब.

पहिल्या सहा चरांत
गुटख्याची पुडी, ठिबकची नळी,
बैलाची गंजलेली पत्री.
वहीत लिहिलं: निरंक.
मला आवडतो हा शब्द.
शोधलं आणि नाही मिळालं, एवढं तरी त्यात आहे;
शून्य नुसतंच बसून असतं.

सातव्यात, पिवळ्या मातीवर, एक काळा गोल.
बशीएवढा.
पुढे आणखी एक. मग काही नाही. मग तीन.

काळी माती फसवते. उन्हाळ्यात फाटते,
कालची बांगडी गिळून
हजार वर्षांखाली नेऊन ठेवते.
म्हणून गुडघे टेकून करणीनं निम्माच गोल कोरला,
निम्मा तसाच राहू दिला.

रामकन्याबाई, रोज चारशे दहा.
तिनं बांगड्या वर सारल्या,
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि थोडा वेळ तशीच राहिली.
"याँ तो केडो बांध्यो होयगो."
वासरू? कशावरून?
तिनं हात काढला नाही, नुसता कललेला दाखवला.
खुंट सरळच ठोकतात, बाई.
तिरका होतो तो नंतर,
रोज धारेच्या वेळी कुणी ओढतं म्हणून.

बडजात्या साहेब तीनला आले, पांढरे बूट.
"सामान क्या निकला, मॅडम?"
मी भोक दाखवलं.
ते वाकून बघत राहिले, सौजन्यानं,
परक्याचं तान्हं मूल बघावं तसं.
"मतलब, निकला तो कुछ नहीं."
तेही खरंच.
खापर नाही, मणी नाही. चिमूटभर राख,
तिचं वय काढायचं की नाही, ते भोपाळ ठरवणार.

रात्री सुदामानगरला, जेवणाच्या टेबलावर, अहवाल भरला.
प्राप्त वस्तू: निरंक.
शेरा: दोन ओळींची जागा.
पाच खुंटभोकं. तिसऱ्याचा कल पूर्वेला, चौदा अंश.
कशानं, ते लिहिलं नाही.
मग लिहिलं.
मग खोडलं, पण एकच रेघ मारून,
वाचता येईल अशी.

दहाव्या दिवशी चर बुजवले.
सातव्यापाशी इम्तियाजनं इंजिन बंद केलं,
खाली उतरून विचारलं,
पूर्वेला काय होतं?
मी वळून पाहिलं. मोबाइलचा टॉवर. विहीर.
चुन्याची रेघ, अर्धी पुसलेली.

रामकन्याबाई डबा धूत होती.
"माय," ती म्हणाली, "ओर कई?"
आणि डबा उपडा घातला, निथळायला.