दाखल क्रमांक

पितळी दीपलक्ष्मी. उंची एकोणीस सेंटिमीटर.
डावा कान झिजलेला.
मूळ ठिकाण : अज्ञात.
हा शब्द मी बत्तीस वर्षांत किती वेळा लिहिला
ते रजिस्टरं सांगतील, मी नाही सांगत.

नोकरीचा पहिला उन्हाळा,
बडोद्यात पारा चव्वेचाळीसवर,
आणि मी तळघरात, बंद पंख्याखाली
(लावला तर कागद उडत),
डिस्टिल्ड पाण्यात कापूस बुडवून
तिच्या ओंजळीतली काजळी काढत होते.
तीन दिवस लागले.
बक्षीसाहेब आले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
‘बहु सरस, ताम्हाणे. एकदम सोना जेवी.’
अहवालात मी वळणदार अक्षरात लिहिलं :
मळ काढला.

मळ.

मग पुष्कळ शिकले.
चित्रावर किती लक्स उजेड सोसतो,
खोक्यात फोम किती बोटं,
विमावाल्याशी कुठल्या वाक्याला हसायचं,
भिंतीवरचा मजकूर पंचावन्न शब्दांत कसा कोंबायचा,
तिन्ही भाषांत. (गुजराती चटकन बसते,
मराठी हट्ट करते.)
माझी प्रदर्शनं दिल्लीला गेली, एकदा झुरिकला.
आईच्या तेराव्याला मी कस्टममध्ये होते,
एका नर्तकीच्या पेटीवर बसून,
शिक्का येईपर्यंत.

परवा कपाट रिकामं करताना पाकीट निघालं :
कापसाचे अकरा बोळे, काळे. वर तारीख.
का ठेवले असतील?
तेव्हा तर मला काहीच कळत नव्हतं.
एक नाकाशी नेला.
एरंडेल.
वास येत होता की मीच आणत होते, देव जाणे,
पण तूप नव्हतं ते.
म्हणजे देवघरातली नव्हे, राजवाड्यातली तर नव्हेच.
चुलीशेजारी, फोडणीच्या धुरात,
रोज कुणीतरी तिच्या हातात वात ठेवून
भाकरी थापायला बसत असणार.
म्हणजे माझा पहिला निबंध,
‘दरबारी दीपशिल्पे’, बावीस पानं, सदतीस तळटीपा,
ज्याच्यावर मला बढती मिळाली—

‘बेन, आ कचरो छे?’
मगनभाई सुपडी घेऊन उभे.
नाही, म्हटलं, नोंद करायचीय.
रजिस्टर ओढलं.
साहित्य : कापूस, काजळी, एरंडेल (?)
मूळ ठिकाण :
पेन तिथे थांबलं.
तो रकाना मी आयुष्यात पहिल्यांदा
कोरा सोडला.

तोवर मगनभाई दिवे मालवत
देवमाशाच्या सांगाड्यापर्यंत पोचले होते,
आणि किल्ल्या माझ्याकडे होत्या,
आणखी चार दिवस.