पाव इंच

दुपारी तीनला ती उठते,
टेलर्वोबाई फोनवर म्हणाल्या,
आणि रात्री नऊच्या सुमाराला निजते.
कोण, मी विचारलं.
म्हणाल्या, तुझी जमीन.

नोव्हेंबरात मीच बसवली होती ती,
थंडर बेच्या टेकाडावरच्या त्या घरात.
व्हिनाइलची. ओकसारखी दिसणारी, पण ओक नव्हे,
एकेक फळी कट्ट करून दुसरीत अडकणारी.
दुकानानं बाईंना पत्र धाडलं:
घरातली हवा दमट, जबाबदारी गिऱ्हाइकाची.
त्यांनी त्याच्या चार घड्या घातल्या
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.
पाणी नेमकं कुठं मुरतंय
हे मला ठाऊक होतं.

रविवारी गेलो, दुकानाला न सांगता.
बूट काढून मोज्यांत उभा राहिलो
काचेच्या मोठ्या दारापाशी.
बाहेर सुपीरियर पार क्षितिजापर्यंत गोठलेला,
आत ऊन फळ्यांवर लोळत पडलेलं,
आणि उन्हाच्या बरोबर मधून
वर आलेली एक लांब शीर.
पाय दिला की दबायची,
उचलला की पुन्हा वर,
हट्टी पोरागत.

बाईंनी वही पुढे केली.
एइनोची जुनी पाणसळ उंचवट्यावर आडवी ठेवून
तिच्या टोकाखालच्या पोकळीत
त्या दहा सेंटांची नाणी रचत होत्या.
दोन फेब्रुवारी, एक वाजता: चार नाणी.
तीन वाजता: सात.
तीन फेब्रुवारी, ढगाळ: दोन.
पाच तारखेला नुसतंच,
आज मोजलं नाही. एइनोचा वाढदिवस.

मी भिंतीकडची पट्टी उचकटली.
पाव इंच लागते फट,
चारी बाजूंनी, जमिनीला अंग सैल करायला.
तिथं पोस्टकार्डसुद्धा जाईना.
फळ्या भिंतीला डोकं लावून उभ्या,
रेटारेटी चाललेली.

आता सांगणं भाग होतं.
की त्या दिवशी खोकी मी ट्रकमधून थेट आत आणली,
बाहेर उणे बावीस.
दोन दिवस तशीच ठेवायला हवी होती,
घराची ऊब लागेपर्यंत.
पण शुक्रवार होता,
सहाला लेकीचा हॉकीचा सामना,
आणि गारठून आक्रसलेल्या फळ्या
बसतात हो, भराभर बसतात, कुरकुर न करता.
फटीत ठोकायच्या खुंट्यांची पिशवी
सीटखाली राहिली होती.
वीस पावलं. गेलो नाही.
लेकीनं दुसऱ्या सत्रात गोल केला.
तो मी पाहिला.

टेलर्वोबाई वेलदोड्याचा पाव कापत होत्या.
सुरी थांबली नाही.
मी म्हणालो, जागा ठेवावी लागते, बाई,
नाहीतर कुठलीही गोष्ट...
त्यांनी सुरी वर केली.
हे संसारालाही लागू आहे, असं म्हणू नकोस, ओरेस्ट.
एक्केचाळीस वर्षं मी आणि एइनो
या एवढ्याशा घरात,
मधे पोस्टकार्ड जाणार नाही असे.
काही फुगलं नाही.

मग माझ्या बशीत पावाचा तुकडा ठेवत,
फुगायचं. नऊपर्यंत निजायचं.

संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर होतो.
छोट्या करवतीनं भिंतीकडेनं कापत गेलो,
कान बधिर, नाकात करडी धूळ.
अकरा फळ्या उचलल्या,
तिघींच्या खाचा मोडलेल्या निघाल्या,
त्या जागी उरल्यासुरल्या लावल्या.
रंग जुळतो, बारीक रेष मात्र जुळत नाही.
बाईंच्या ते लगेच लक्षात आलं.
ओट्याखालची कपाटं फळ्यांवरच बसवलेली,
त्यांच्या ओझ्याखाली जे अडकलंय ते अडकलंय,
तेही सांगून टाकलं.
पैसे विचारले त्यांनी. मी पट्टी ठोकत राहिलो.

मंगळवारी फोन वाजला तेव्हा
मी दुसऱ्याच कुणाच्या तरी तळघरात होतो.
खोकी भिंतीशी रचलेली, कालपासून.
तीन वाजलेत, त्या म्हणाल्या.
मग?
एक नाणं.
एक चालतं, बाई.
चालतं, मला कळतं.
पण फ्रीजपाशी काहीतरी पोकळ वाजतंय.
रविवारी ये.
खुंट्या घेऊन ये.