वजनकाटा

बाबांचा ट्रक सावर्ड्याच्या काट्यावर चढला
की काटेवाला आकडा ओरडून सांगायचा,
आणि जास्तीचं खनिज फावड्यानं उतरवायला
खुशाली मागच्या फाळक्यावरून आत उडी मारायचा.
दहा वर्षांचा. कानांत, दातांत लाल माती.

पुढे तोच हिशेब स्वतःच्या अंगाशी.
अठ्ठेचाळीस किलो, मग एक्कावन्न, मग चोपन्न.
भावाचं बॉक्सिंग मला असंच आठवतं,
पेपरवाले काहीही मोजोत.

स्पर्धेच्या आदल्या रात्री घरात फोडणी द्यायची नाही,
हा नियम आईचा.
आम्ही सगळे पेज प्यायचो, भुरका न मारता,
आणि तो ऐन मे महिन्यात रेनकोट घालून
पुलापर्यंत पळत जायचा,
जिभेखाली आवळ्याची बी, वाटभर थुंकत.
थुंकीलाही वजन असतं गे, म्हणायचा.
सकाळी शंभर ग्रॅम उरलेच
तर टॉवेलाआड चड्डीसुद्धा काढून
काट्यावर उभा राहायचा, श्वास सोडून.

चौऱ्याण्णव लढती, एक्क्याऐंशी जिंकला.
सात थर्मास मिळाले, चार भिंतीवरची घड्याळं
(एकाची वेळ दुसऱ्याला पटत नाही),
वीज खात्यात लाइनमनची नोकरी,
आणि राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य.
समोर रोहतकचा पोरगा.
तीन पंचांना तो आवडला, दोघांना आमचा.
त्या रात्री फोनवर एवढंच बोलला:
"बाय, नाक शाबूत आहे. आता जेवतो."

खाणी बंद पडल्या. काट्यावर गवत आलं.
ट्रक अंगणात, चाकांच्या जागी चिरे.
संध्याकाळी हौद्यात गावची सहा पोरं
चवड्यांवर नाचतात, ग्लव्हजच्या दोनच जोड्या,
आणि खुशाली फाळक्याला टेकून ओरडतो,
"हनुवटी आत! पाय बघू नको, पाय कुठे जात नाहीत!"
पत्रा एवढा वाजतो
की बाबा दुपारची झोप आता सकाळीच उरकून घेतात.

मागच्या गुरुवारी, मडगावच्या हॉस्पिसियोत,
नर्स म्हणाली, मुलगी. दोन किलो तीनशे.
"परत पळय," खुशाली म्हणाला.
तिनं परत ठेवली. दुपटं सोडायला लागली,
तर यानं तिचा हात धरला,
"कापड काढू नका. आंगार राहू दे."

मग खाली कँटीनमध्ये
त्यानं तीन बन्स खाल्ले, भाजीची दुसरी बशी मागवली,
आणि माझ्या बशीतली मिरचीही उचलली.