डावीकडे उघडणारी पिन

बसा. पंखा कुरकुरतो जरा, चालेल ना?
पुण्याहून आलात, ऊन लागलं असेल.
डबा उघडतो. शेंगाचटणीचा आहे,
वास काही जात नाही,
बिल्ल्यांची त्याला हरकत नाही.

हे अकरा. सगळ्यांवर तीच निळी मोटार,
तेच पिवळं आभाळ, चाकाला तीच लाल रेघ.
तुम्ही म्हणालात, “काका, एकच तर आहे,
बाकी दहा डुप्लिकेट.”
असं चादरीबद्दल कुणी बोललं असतं
तर आमच्या जॉबरनं त्याला दार दाखवलं असतं.

हे भिंग घ्या. पितळी, घडीचं, एक इंच चौकोन.
बत्तीस वर्षं यातून धागे मोजले,
आधी साखर पेठेत, मग अक्कलकोट रोडला.
उभे किती, आडवे किती, कुठं एक सुटला.
आता यातून ठिपके मोजतो.
डोळा तोच, पगार नाही.

बघा, ही रेघ चाकावर नीट बसली.
या बिल्ल्यावर सुतभर खाली घसरली.
लाल रंग सगळ्यात शेवटी चढायचा,
तोवर पाळी संपत आलेली असायची.
आता चुंबक लावा. लावा की हो, घाबरता काय.
चिकटला? पत्रा.
हा नाही चिकटत. ॲल्युमिनियम,
पत्रा मिळेना त्या वर्षीचा.
काठ बघा कसा दुमडलाय,
पत्र्याचा गोल, याचा चपटा, नखाला कळतो.
पाठ काळी असेल तर आधीचा माल.
पांढरी, नंतरचा.
करडी?
करडीचं मला अजून उमगलं नाही.
वहीत तिथं प्रश्नचिन्ह आहे
ब्याण्णव सालापासून.

मोटारीच्या खोक्यात हा बिल्ला फुकट यायचा.
मोटारी गेल्या मोठ्या शहरांत,
त्यांच्याबरोबर पास झालेले बिल्लेही.
नापास इथंच, गड्ड्याच्या जत्रेत
पोत्यावर ढीग, चार आण्याला मूठ.
गावात जे उरलं ते नापासच उरलं.
मी धरून.

आता उलटे करा सगळे. पिना बघा.
नऊ उजवीकडे उघडतात.
हे दोन डावीकडे.

तुमचे डोळे चमकले. चमकणारच.
“एरर पीस,” म्हणालात, “तिप्पट देतो.”

आमची अक्का, राजव्वा, त्या कारखान्यात
पिना बसवायला होती.
शंभर पिनांना बारा पैसे.
घरी आली की बोटांची टोकं
मिठाच्या पाण्यात बुडवून बसायची, बोलायची नाही.
डावखुरी होती. आई जेवताना हातावर मारायची,
कारखान्यात मारायला आई नव्हती.

आता तुम्ही मान हलवू नका लगेच.
साचाच एखाद्या दिवशी उलटा लागला असेल.
आणखी कुणी डावखुरं असेल त्या बाकावर.
पिनांचा एखादा गठ्ठाच तसला आला असेल.
वहीत मी तेच लिहिलंय: कारण अनिश्चित.
मोजमाप करणारा माणूस मी,
नात्याची साक्ष धरत नाही.

विचारायला हवं होतं तिला.
ती होती तोवर मी बिल्ले पालथे केलेच नाहीत.
मला मोटारच दिसायची.
निळी, पिवळ्या आभाळाखाली,
कुठं निघाली कुणास ठाऊक.

दोन आहेत. एक न्या.
कुठला ते तुम्हीच ठरवा, मला विचारू नका.
सांभाळून, पिनेला गंज आहे, टोचेल.
पैशाचं नंतर बघू.
आधी ते भिंग इकडं द्या.