मार्चचं रीडिंग

फाटा सोडला की डांबर संपतं
आणि टायरखाली मोह लागतो.

पहाटे गळालेला, अजून दवानं जड,
एकेक फूल म्हणजे रस धरलेला फिकट मणी.
झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलीय
आणि त्या काळ्यावर वाकून वेचतेय
फुलवंता मडावी, टोपली कमरेला.
“गाडी ढकलत ने ना बावा,
घरचं अन्न हाय खाली.”
उतरतो. ढकलत नेतो.
तरी दोन-चार चिरडतातच,
आणि तो गोडूस, आंबूस वास
दुपारपर्यंत पँटच्या घडीतून येत राहतो.

मी वीज कंपनीचा कंत्राटी माणूस.
महिन्यातून एकदा दारोदारचे आकडे टिपतो.
एवढ्या हक्कानं लोकांच्या अंगणात
दुसरं कोण शिरतं?
कुत्रीसुद्धा आता भुंकायची तसदी घेत नाहीत.

पिंपळटोल्यात एकशे बारा मीटर.
पहिलं भागरता बिसेनचं:
तेलाच्या पिंपात गुलाब, फुटक्या रांजणात मोगरा,
रंगाच्या डब्यात कसलंसं निळं,
ज्याचं नाव तिलाही माहीत नाही.
“लेकीनं आनलं, म्या खोचलं, लागलं.”
वापर बेचाळीस युनिट.

पुढं वाडीत कांदे गोंड्यावर आलेत,
कोथिंबीर पांढरी होऊन बसलीय बियांसाठी,
शेवग्याखाली चालताना
डोक्यावर काहीतरी हलकं पडतं, मी झटकत नाही.

शाळेच्या हापशीचं सांडपाणी जिथं जातं
तिथं पोरांनी वाफे केलेत,
प्रत्येकाच्या नावाची काडीवर पाटी.
तिसरीतला रेवाराम माझ्याकडे तक्रार घेऊन येतो,
मी सरकारी माणूस म्हणून:
“याच्या झेंडूनं माह्या झेंडूचं पानी पेलं.”
मी चष्मा लावून दोन्ही झेंडू नीट तपासतो.
सांगतो, मुळं खाली एकच झालीत रे,
आता वाटणी होत नाही.
त्याला काही पटलेलं नाही.

पळसाबद्दल सगळेच बोलतात, मी बोलणार नाही.
फक्त एवढंच, की ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणात एक आहे.
लाइनमन दरवर्षी छाटतो,
तो दरवर्षी तारेकडंच वाढतो.
आज धोक्याच्या पाटीवर एक फूल अडकलेलं,
नेमकं कवटीच्या कानामागे,
जत्रेला निघाल्यासारखं.

झिंगरू उईकेच्या घराला कुलूप.
दोघं लेकाकडं बल्लारपूरला, दिवाळीपासून.
वापर शून्य.
पण ओसरीपुढची जाई ओली होती,
बुडाशी ताजं आळं,
आणि शेजारच्या घरातून एक म्हातारं खोकलं,
मुद्दाम, पलीकडं बघत.
शून्याचा रकाना भरताना
माझा अंगठा जरा थांबला.

सायत्राबाईकडं तर मीटरच दिसत नाही.
कागदी फुलांचा वेल खांबावरून चढून
पेटीवर बसलाय, गुलाबी गुलाबी,
आत बारीकशी गरगर ऐकू येते.
म्हटलं, बाई, फांदी कापा, आकडा दिसत नाही.
ती बाजेवर गहू निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
“अंदाजानं लिव्ह. माहा एकच बलब हाय.
अन् वेलात बुलबुलनं घर केलं.”

मी पानं हातानं बाजूला केली.
आकड्याच्या काचेआधी घरटं दिसलं,
वाटीएवढं, तीन अंडी,
लालसर ठिपक्यांची.
पानं होती तशी सोडून दिली.

संध्याकाळी ऑफिसात फोटो चढवले.
साहेब स्क्रीनवर बोट सरकवत गेले:
हे काय? हा गुलाब. ही जाई. हे काय, कांदा?
मीटर कुठंय, धुर्वे?
मागं आहे, म्हटलं, सर.
जरा मागं.
एकूण सात ठिकाणी आकडा दिसत नाही.
परत जावं लागेल, म्हणाले, स्वतःच्या पेट्रोलनं.

मी तोंड पाडून हो म्हटलं.
खिशात हात घातला
तर तळाशी एक मोहाचं फूल,
चपटं झालेलं, अजून चिकट.